अपडेट नेमकं कुठे अडलं?

लिनक्सची वाट : भाग ९

‘सम इंडेक्स फाइल्स फेल्ड टू डाउनलोड. दे हॅव बीन इग्नोर्ड, ऑर ओल्ड वन्स यूज्ड इन्स्टेड.’ उबुंटू, मिंट किंवा डेबियन वापरणाऱ्याला हे वाक्य कधी ना कधी भेटतंच. मदत मागताना बहुतेक जण नेमकं हेच वाक्य पाठवतात, कारण ते सर्वांत खाली असतं आणि नजर तिथेच जाते. टर्मिनलवरच्या त्या सगळ्या मजकुरात याच्याइतकी निरुपयोगी ओळ दुसरी नसेल. काही याद्या उतरल्या नाहीत, म्हणून जुन्यांवर भागवतोय, एवढंच ती सांगते. का उतरल्या नाहीत, ते तिच्या वरच्या ओळींत लिहिलेलं असतं, आणि बहुधा अगदी स्पष्ट लिहिलेलं असतं.

गेल्या आठवड्यात पॅकेज म्हणजे काय आणि एक पॅकेज मागितलं की मागोमाग आणखी दहा का येतात, ते आपण पाहिलं. ही पॅकेजेस जिथे ठेवलेली असतात ती रिपॉझिटरी. बोलताना सगळे रेपो म्हणतात. तिथून माल येईनासा झाला तर काय करायचं, हा आजचा विषय. आज्ञा आणि पत्ते इथे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलमध्ये ते अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचे.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘सुडो ॲप्ट अपडेट’ या आज्ञेने तुमचा एकही प्रोग्रॅम नवा होत नाही. ती फक्त याद्या आणते: कुठल्या रेपोत कुठलं पॅकेज आहे, कितव्या आवृत्तीचं आहे. पत्ते मिळतात ते /ईटीसी/ॲप्ट या फोल्डरमधल्या सोर्सेस.लिस्ट या फाइलमधून आणि शेजारच्या सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरमधून. (उबुंटू २४.०४ पासून मुख्य पत्ते त्या दुसऱ्या फोल्डरमधल्या उबुंटू.सोर्सेस या फाइलमध्ये असतात. जुनी फाइल जवळजवळ रिकामी दिसली तर घाबरायचं कारण नाही.) प्रत्येक पत्त्यासाठी ॲप्ट आधी सर्व्हरच्या नावावरून त्याचा आयपी क्रमांक शोधतं, मग जोडणी करतं, मग ‘इनरिलीज’ नावाची एक छोटी फाइल आणतं. तिच्यात त्या रेपोतल्या सगळ्या याद्यांची नावं, आकार आणि चेकसम असतात आणि सोबत रेपो चालवणाऱ्यांची डिजिटल सही. सही तपासली, तारीख तपासली की मग याद्या उतरतात आणि त्यांचे चेकसम इनरिलीजमधल्या चेकसमशी ताडून पाहिले जातात. अपडेट फसलं की विचारायचा प्रश्न एकच: यातल्या कुठल्या पायरीवर काम थांबलं?

टर्मिनलवरची प्रत्येक ओळ ‘हिट’, ‘गेट’, ‘इग्न’ किंवा ‘एर’ने सुरू होते. पहिल्या दोन सुखरूप. ‘इग्न’कडे सहसा दुर्लक्ष केलं तरी चालतं. वाचायच्या त्या ‘एर’च्या ओळी. आठ-दहा पत्त्यांपैकी एकच अडला असेल, तर तुमचं इंटरनेट, राउटर, केबल, सगळं ठीक आहे आणि दुखणं त्या एका रेपोचं आहे. सगळेच अडले असतील तर दोष बहुधा तुमच्या बाजूला. एवढी विभागणी आधी केली तरी पुष्कळ वेळ वाचतो.

‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ असं दिसलं तर पहिलीच पायरी चुकली: नावावरून क्रमांक मिळाला नाही, म्हणजे डीएनएसची अडचण. ‘पिंग ८.८.८.८’ करून पाहा, मग ‘पिंग आर्काइव्ह.उबुंटू.कॉम’. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं तर निदान पक्कं. इथे बरेच जण /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल उघडून तिच्यात ८.८.८.८ लिहितात. अपडेट चालतं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की पहिले पाढे पंचावन्न. कारण उबुंटूवर ती फाइल हाताने लिहायची नसतेच. सिस्टिमडी-रिझॉल्व्हड नावाची सेवा ती तयार करते, आणि म्हणूनच तिच्यात १२७.०.०.५३ असा चमत्कारिक पत्ता दिसतो. डीएनएस बदलायचा तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, तुमच्या वाय-फायच्या नावापुढच्या दातेरी चाकावर क्लिक करून, आयपीव्ही४ च्या टॅबमध्ये बदलावा. तो बदल टिकतो.

नाव सापडलं, क्रमांक मिळाला, पण ‘कनेक्टिंग टू’ या शब्दांवर आकडा शून्य टक्क्यांवर थिजला आणि त्या ओळीत कोलनांनी जोडलेला लांबलचक पत्ता दिसतोय, तर ॲप्ट आयपीव्ही६ वरून जायला बघतंय आणि तुमच्या जोडणीचं आयपीव्ही६ अर्धवट आहे. आज्ञेला ‘-ओ ॲक्वायर::फोर्सआयपीव्ही४=ट्रू’ हे शेपूट जोडलं की वाट मोकळी होते.

ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालतात आणि ॲप्ट मात्र ढिम्म हलत नाही, ही वसतिगृहांची आणि कार्यालयांची खास तक्रार. तिथे बाहेर जायचा रस्ता प्रॉक्सीतून असतो. ब्राउझरला प्रॉक्सी सांगितलेली असते, ॲप्टला कोणी सांगितलेलीच नसते. टर्मिनलमध्ये एचटीटीपी_प्रॉक्सी हे व्हेरिएबल भरूनही उपयोग होत नाही, कारण सुडो असली व्हेरिएबल्स सहसा पुढे जाऊ देत नाही. /ईटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये एक फाइल करून तिच्यात ‘ॲक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी’ ही ओळ लिहावी लागते. पासवर्डमध्ये ॲट-चिन्ह असेल तर त्याच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि ४० लिहा, नाहीतर ॲप्टला पासवर्ड कुठे संपला आणि सर्व्हरचं नाव कुठे सुरू झालं तेच कळत नाही. आणि सुट्टीत लॅपटॉप घरी नेलात की ही ओळ बंद करा. घरच्या वाय-फायवर ३१२८ क्रमांकाच्या पोर्टशी जोडणी होत नाही अशी एरर आली, तर ती मागे राहिलेली प्रॉक्सीच असते. ३१२८ हे स्क्विड या प्रॉक्सीचं नेहमीचं पोर्ट.

हॉटेल किंवा विमानतळावरच्या वाय-फायचा प्रकार त्याहून गमतीचा. तिथे ‘क्लिअरसाइन्ड फाइल इजन्ट व्हॅलिड, गॉट नोस्प्लिट’ असं काहीतरी अगम्य दिसतं. झालेलं असतं इतकंच, की ॲप्टने इनरिलीज मागितली आणि वाय-फायने तिच्याऐवजी स्वतःचं लॉगिनचं पान हातात ठेवलं. त्याच ओळीत पुढे कंसात ‘या नेटवर्कला लॉगिन लागतं का?’ अशा अर्थाचा प्रश्नही ॲप्ट विचारतं. ब्राउझर उघडा, मोबाइल क्रमांक आणि ओटीपी द्या, पुन्हा अपडेट करा.

आता ४०४. सर्व्हर सापडला, त्याने उत्तरही दिलं, पण मागितलेली फाइल तिथे नाही, असा याचा अर्थ. लोक इथेही राउटर बंद करून चालू करतात. त्याचा काडीचाही उपयोग नाही.

आधी पाहायचं, ४०४ कधी आलं. ‘ॲप्ट इन्स्टॉल’ करताना आलं तर बहुधा तुमच्याकडची यादी शिळी झालेली असते. तुमच्या यादीत पॅकेजची कालची आवृत्ती आहे, रेपोने दरम्यान नवी ठेवली आणि जुनी काढून टाकली. ‘ॲप्ट अपडेट’ करून पुन्हा प्रयत्न केला की काम होतं. खुद्द अपडेट करतानाच ४०४ आलं आणि ‘ई’ने सुरू होणारी ओळ म्हणाली की या रेपोत आता रिलीज फाइलच नाही, तर प्रकरण निराळं. तुमची आवृत्तीच निवृत्त झालेली असू शकते.

उबुंटूच्या आवृत्त्या एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतात. सम वर्षांतल्या एप्रिलची आवृत्ती एलटीएस, तिला पाच वर्षं नियमित सुधारणा मिळतात. बाकीच्यांचं आयुष्य फक्त नऊ महिने. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली २३.१० जुलै २०२४ मध्ये संपली. मित्राच्या पेनड्राइव्हवरून ‘सगळ्यांत नवी’ म्हणून बसवलेली उबुंटू वर्षभरात रुसते, त्याचं कारण हेच. अशा आवृत्तीची पॅकेजेस पुढे ओल्ड-रिलीजेस.उबुंटू.कॉम या पत्त्यावर हलवली जातात. सोर्सेसच्या फाइलमध्ये आर्काइव्ह.उबुंटू.कॉम आणि सिक्युरिटी.उबुंटू.कॉम या दोन्हींच्या जागी तो पत्ता लिहिला की अपडेट पुन्हा चालतं, आणि मग ‘डू-रिलीज-अपग्रेड’ करून पुढच्या आवृत्तीवर जाता येतं. पत्ता बदलून तिथेच मुक्काम ठोकू नये. त्या पत्त्यावर सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या कधीच येणार नाहीत.

यात सगळ्यांत मोठा गोंधळ झाला तो सेंटओएसच्या बाबतीत. सेंटओएस म्हणजे रेड हॅटच्या विकतच्या लिनक्सची फुकट मिळणारी जुळी आवृत्ती, आणि ती सर्व्हरवर बसवायची, विसरून जायची, अशी सवय जगभरच्या सिस्टिम ॲडमिनना होती. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळेल असं गृहीत धरून लोकांनी ती बसवली. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबणार. २०२२ च्या जानेवारीअखेरीस पॅकेजेस मिररवरून, म्हणजे रेपोची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, उचलून व्हॉल्ट.सेंटओएस.ऑर्गवर नेली गेली आणि ‘फेल्ड टू डाउनलोड मेटाडेटा फॉर रेपो ॲपस्ट्रीम’ या एररचा पाऊस पडला.

सेंटओएस ७ ची कथा आणखी फसवी. ती २०१४ पासून चालू होती आणि ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ रोजी संपली. संपल्यावर मिररलिस्ट.सेंटओएस.ऑर्ग हे नावच डीएनएसमधून गेलं. त्यामुळे ‘यम’ ही आज्ञा दिली की उत्तर येतं ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट’. दिसायला हुबेहूब डीएनएसची अडचण. मग डीएनएस बदल, फायरवॉल तपास, सेवा देणाऱ्या कंपनीला फोन कर, असा खटाटोप सुरू होतो, आणि दोष यांतल्या कशातच नसतो. दुसऱ्या एखाद्या नावाला पिंग करून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता: बाकीची नावं सापडतात, हे एकच सापडत नाही. उपाय असा, की /ईटीसी/यम.रेपोज.डी मधल्या फाइल्समध्ये मिररलिस्टच्या ओळी बंद करायच्या, बेसयूआरएलच्या ओळी चालू करायच्या आणि त्यांत मिरर.सेंटओएस.ऑर्गऐवजी व्हॉल्ट.सेंटओएस.ऑर्ग लिहायचं. इथेही तेच: व्हॉल्ट फक्त बाहेर पडण्यापुरतं. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन्ही पर्याय सेंटओएस ८ च्या घोषणेनंतरच उभे राहिले, आणि ७ वरून वर चढवण्यासाठी अल्मालिनक्सचा एलिव्हेट प्रकल्प आहे.

कधी आवृत्ती ताजी असते आणि बाहेरून जोडलेला एखादाच रेपो ४०४ देतो. कुबरनेटीसचा जुना रेपो १३ सप्टेंबर २०२३ ला गोठवला गेला, मार्च २०२४ मध्ये काढूनच टाकला. जुने लेख वाचून तो जोडणाऱ्यांना आजही ठेच लागते. लिनक्स मिंटवाल्यांची अडचण वेगळी. उबुंटूसाठी लिहिलेली सूचना आवृत्तीचं टोपणनाव आपोआप उचलते. मिंट २२ मध्ये ते ‘विल्मा’ असतं, पण डॉकरच्या रेपोला ‘विल्मा’ कोण ते ठाऊक नाही. त्याला ‘नोबल’ हवं असतं, कारण मिंट २२ उबुंटू २४.०४ वर, म्हणजे नोबलवर, उभी आहे. /ईटीसी/ओएस-रिलीज या फाइलमध्ये ‘उबुंटू_कोडनेम’ या ओळीत खरं नाव मिळतं. तेच लिहावं. अंदाजाने भलत्याच आवृत्तीचं नाव लिहून ४०४ घालवणं सोपं आहे, पण मग दोन आवृत्त्यांची पॅकेजेस एकमेकांत मिसळतात आणि तो गुंता सोडवण्यापेक्षा संगणक नव्याने बसवणं परवडतं.

पुढची पायरी सहीची. ‘नो_पबकी’ आणि त्यापुढे सोळा अक्षर-अंक, अशी ही एरर. अनेकांना प्रश्न पडतो, की बँकेपासून वीजबिलापर्यंत सगळं एचटीटीपीएसवर असताना उबुंटूचे पत्ते साध्या एचटीटीपीचे कसे? कारण इथे भरवसा रस्त्यावर नसून कागदावरच्या सहीवर आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ई-मेलने आला, पेनड्राइव्हवर आला की शेजाऱ्याने आणून दिला, याने फरक पडत नाही. सही पडताळता आली की झालं. इनरिलीजचं तसंच. मिरर कोणाचाही असो, सही डेबियनची किंवा उबुंटूची असली पाहिजे, आणि ती पडताळायची सार्वजनिक की तुमच्या संगणकावर असली पाहिजे. हा बंदोबस्त अभेद्य आहे असं मात्र नाही. जानेवारी २०१९ मध्ये मॅक्स जस्टिक्झ या संशोधकाने दाखवलं की एचटीटीपीची विनंती दुसरीकडे वळवताना ॲप्टला गंडवता येतं. ती चूक लगेच दुरुस्त झाली, पण रस्ताही सुरक्षित असलेला बरा, हे म्हणणाऱ्यांची बाजू त्याने भक्कम केली.

‘नो_पबकी’ म्हणजे पडताळणीची की तुमच्याकडे नाही. कीला मुदतही असते. रोबोटिक्सच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेल्या आरओएसच्या रेपोची की मे २०२१ च्या अखेरीस मुदत संपून निकामी झाली आणि जगभरच्या प्रयोगशाळांतली अपडेट्स एकदम थांबली. अशा वेळी नवी की रेपो चालवणाऱ्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. जुने लेख ‘ॲप्ट-की ॲड’ करायला सांगतात; ती पद्धत आता बाद झाली आहे, आणि योग्य कारणाने. त्या रीतीने ठेवलेली की सगळ्याच रेपोंसाठी ग्राह्य धरली जायची, म्हणजे एखाद्या किरकोळ रेपोची की चोरणारा उबुंटूच्या नावाने सही करू शकला असता. आता की /ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज या फोल्डरमध्ये ठेवायची आणि रेपोच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून ती फक्त त्या रेपोशी बांधायची.

सहीची एरर घालवायचा आणखी एक उपाय सर्रास सांगितला जातो: रेपोच्या ओळीत ‘ट्रस्टेड=येस’ लिहा, किंवा आज्ञेला ‘अलाउ-अनऑथेंटिकेटेड’ जोडा. एरर जाते, हे खरं. तपासणीही जाते. या मार्गाने आलेलं पॅकेज रूटच्या अधिकाराने बसतं आणि तुमच्या संगणकावर वाट्टेल ते करू शकतं. स्वतःच्या घरच्या नेटवर्कवर स्वतःच बनवलेला रेपो सोडला, तर हे कुठेही करू नये.

‘इज नॉट व्हॅलिड येट’ ही एरर पाहून लोक सर्व्हरला दोष देतात, पण चुकलेलं असतं आपलं घड्याळ. इनरिलीजवरची तारीख तुमच्या संगणकाच्या दृष्टीने भविष्यातली आहे, म्हणजे संगणक मागे आहे. किती तास-मिनिटांनी, तेही कंसात दिलेलं असतं, निदान तेवढं तरी मागे. जुन्या डेस्कटॉपवर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो. विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल वापरणाऱ्यांच्या बाबतीत लॅपटॉप झोपून उठल्यावर आतलं घड्याळ मागे राहतं. एरवी लिनक्स इंटरनेटवरून वेळ लावून घेतं, पण त्यासाठीचं यूडीपी १२३ हे पोर्ट काही कार्यालयांत बंद असतं, आणि मग सेल बदलेपर्यंत हा त्रास रोज सकाळी. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा संगणकाला काय वाटतंय ते दाखवते.

राहता राहिलं ‘हॅश सम मिसमॅच’. यादी आली, पण तिचा चेकसम जुळला नाही. मिररवर नव्या याद्या चढत असतानाच तुम्ही गेलात, किंवा वाटेतल्या एखाद्या कॅशने कालची यादी आणि आजची इनरिलीज असा शिळ्या-ताज्याचा मेळ घालून दिला. अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. तरी हटत नसेल तर /व्हार/लिब/ॲप्ट/लिस्ट्स मधल्या फाइल्स पुसून नव्याने अपडेट करा. त्या याद्याच असतात, पुसल्याने काही बिघडत नाही. वारंवार होत असेल तर मिरर बदला. भारतातल्या उबुंटूत पत्त्याच्या आधी बहुधा ‘आयएन.’ असतं, ते काढलं की मुख्य सर्व्हर. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ या खिडकीत ‘डाउनलोड फ्रॉम’मध्ये हीच निवड माउसने करता येते.

‘कुड नॉट गेट लॉक’ या एररचा रेपोशी संबंध नाही. मागे आपोआप चाललेलं अपडेट संपेपर्यंत पाच-दहा मिनिटं थांबा, लॉकची फाइल उडवू नका.

पुढच्या आठवड्यात, याद्या नीट उतरूनही पॅकेज अर्धवट बसतं तेव्हाचे उपाय पाहू. तोवर ‘कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज’ ही आज्ञा देऊन आपली आवृत्ती कुठली आहे ते बघा, आणि तिची मुदत या वर्षात संपणार असेल तर अपग्रेडच्या आधी आपल्या फाइल्सची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा.